पोरगी चित्रे काढायला लंडनला गेली

आपल्या समाजातले एखादे लेकरू परदेशी शिकायला गेले, की सगळ्या वस्तीची मान ताठ होते. विहारात त्याचे नाव घेतले जाते, जयंतीच्या सभेत सत्कार होतो. पण "कशाला गेले?" या प्रश्नाला "डॉक्टरकीला" किंवा "कॉम्प्युटरला" असे सरळ उत्तर देता आले नाही, तर तीच मान थोडी तिरकी होते. आमची थोरली मुलगी औंढा नागनाथहून लंडनला गेली, त्याला आता दुसरे वर्ष लागले आहे. ती तिथे चित्रकला शिकते. हे ऐकल्यावर समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग विचारतो, "चित्रं काढायला एवढ्या लांब? आणि पुढे?"

हा "आणि पुढे?" आम्हाला हिणवण्यासाठी कोणी विचारत नाही, हे आम्ही जाणून आहोत. त्यामागे आपल्या तीन पिढ्यांचा अनुभव उभा आहे. आपले आजे-पणजे गावकीच्या कामातून सुटले ते शिक्षणामुळे, आणि शिक्षणाचा अर्थ आपल्याला कळला तो नोकरीच्या रूपाने. पहिला मास्तर झाला, दुसरा कंडक्टर, तिसरी नर्स. महिन्याच्या महिन्याला पगार आला, घरावर पत्रे पडले, "अरे-तुरे" करणारे "अहो" म्हणू लागले. ज्या घराने एवढ्या कष्टाने नोकरीची वाट धरली, त्या घराला बिनपगारी वाटेची धास्ती वाटणारच.

आणि कलेच्या बाबतीत आपली आणखी एक जखम आहे. कला आपल्या घरात नव्हती असे नाही. हलगी आपलीच होती, सनई आपलीच होती, तमाशाच्या फडात नाचणारे-गाणारेही आपलेच होते. पण ती कला दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या मर्जीवर चालायची. वाजवणाऱ्याची पंगत शेवटची आणि जागा उकिरड्याकडेची. म्हणून परमपूज्य बाबासाहेबांच्या हाकेनंतर कित्येकांनी वाद्ये खुंटीला टांगली ती कायमची. त्यांनी ते बरोबरच केले. पण त्याच वेळी भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे उभे केले, वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून गाणी म्हटली, विठ्ठल उमपांनी आवाज दिला. गुलामीची कला टाकणे आणि स्वाभिमानाची कला उभी करणे, अशी दोन्ही कामे चळवळीने केली. पहिले काम आपल्या घरोघर पोहोचले. दुसरे मात्र स्टेजवरच राहिले. घरातले पोर "मला चित्रकार व्हायचंय" म्हणाले, की आपण अजूनही दचकतो.

आम्ही उभयता कोण, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. आमच्यापैकी एक पेंटर आहे आणि एक अंगणवाडीत सेविका आहे. पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा. नागनाथाच्या देवळाच्या वाटेवरची दुकाने, चहाची हॉटेले, शाळेच्या भिंती, कुटुंबनियोजनाच्या आणि पल्स पोलिओच्या घोषणा, निवडणुकीचे चिन्ह, आणि चौदा एप्रिलच्या आधी पंधरा दिवस रात्ररात्र जागून बाबासाहेबांचे आणि तथागतांचे मोठे कापडी फलक, असे सगळे काम. फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायची. चष्म्याची काडी एक सूत खाली गेली, तर बाबासाहेबांचा चेहरा परक्या माणसाचा होतो, हे ज्याने केले त्यालाच कळते. मग फ्लेक्स आला. जिल्ह्याच्या गावी यंत्रे बसली. जो फलक रंगवायला तीन रात्री लागत, तो अर्ध्या तासात छापून मिळू लागला. हात तोच राहिला, पण हाताला काम राहिले नाही. आज भिंतीवरच्या सरकारी योजना आणि श्रावणात, महाशिवरात्रीला यात्रेपुरती दुकानांची रंगरंगोटी, एवढेच उरले आहे.

मुलीने अक्षर गिरवले ते पाटीवर नव्हे, तर या पाट्यांवर. उरलेल्या रंगात ब्रश बुडवून ती अंगणवाडीच्या भिंतीवर मोर काढायची. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकलेच्या परीक्षा तिने दिल्या त्या दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून, आणि आम्हीही त्याचसाठी फी भरली. पण गुण मिळाले तरी हात थांबला नाही. बारावीनंतर तिने औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय कला महाविद्यालयात चार वर्षे काढली. त्याच शहरात बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय उभे केले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले. बाबासाहेबांच्या सूचनेवरून प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी ते १९५५ साली रंगमंचावर आणले. पुढे त्याच शहरातून गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवले. मुलीने एकदा सुट्टीत आम्हाला विचारले होते, "बाबासाहेबांना नुसते वकील आणि कलेक्टरच हवे असते, तर त्यांनी कॉलेजात नाटक कशाला लिहायला लावलं असतं?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही.

बाबासाहेब परदेशी गेले ही गोष्ट आपण लेकरांना पाळण्यापासून सांगतो. पण ती सांगताना आपण बहुतेक वेळा पदव्या मोजतो. ते काय सोडून गेले, हे फारसे बोलत नाही. १९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार रामजी वारले. त्याच वर्षी जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी. मागे मुंबईत माता रमाई आणि तान्हे यशवंत. त्या शिष्यवृत्तीतूनच घरीही पाठवायचे होते. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम. ए., ९ मे १९१६ रोजी जातिसंस्थेवरचा निबंध, मग लंडन. १९१७ साली पैसा संपला म्हणून अर्ध्यावर परत. येताना वेगळ्या बोटीने पाठवलेले सामान टॉर्पेडोने बुडाले. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांचे कर्ज घेऊन १९२० साली पुन्हा लंडन. या सगळ्या वर्षांत रमाईने काय सोसले, हे वेगळे सांगायला नको. पाच लेकरांपैकी चार तिने गमावली.

यातून आम्हाला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, दूर गेल्याशिवाय काही गोष्टी दिसत नाहीत. दुरून डोंगर साजरे, असे म्हणतात. पण पायथ्याशी बसलेल्याला डोंगराचा आकार दिसत नाही, तो दुरूनच दिसतो. जात कशी जन्मते आणि कशी टिकते, याचा पहिला मोठा निबंध महूत, साताऱ्यात किंवा परळच्या चाळीत लिहिला गेला नाही. जिथे वर्गात शेजारी बसल्यावर कोणी अंग चोरत नव्हते, तिथे तो लिहिला गेला. दुसरी गोष्ट म्हणजे, जाणाऱ्याच्या स्वप्नाची किंमत मागे राहिलेलेही भरतात. ही किंमत आधी मोजली पाहिजे, तिच्यावर हार-फुले घालून ती झाकू नये.

आमच्या गावाला तर माणूस दूर जाण्याची गोष्ट नवी नाही. संत नामदेवांचे नर्सी आमच्याच हिंगोली जिल्ह्यातले. नामदेवांना विसोबा खेचर गुरू भेटले ते औंढ्यात, असे वारकरी परंपरा सांगते. आणि आणखी एक कथा इथला प्रत्येक जण सांगतो. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना उठवून मागच्या बाजूला घालवले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. दगडी देऊळ फिरते, यावर आमचा विश्वास नाही. पण या कथेतला अर्धा भाग खरा असणार, असे आम्हाला नेहमी वाटत आले आहे, आणि तो म्हणजे मागे घालवण्याचा भाग! शिंप्याच्या पोराला मागे घालवले, तिथे आपली काय कथा. देऊळ काही फिरले नाही, पण नामदेव फिरले. परंपरेप्रमाणे ते पार पंजाबात, घुमानपर्यंत गेले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांच्या नावाची ६१ पदे आहेत. ज्याला घरी मागच्या बाजूला बसवले, त्याचे शब्द परक्या भाषेच्या मुलुखाने माथ्यावर घेतले. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा महाराष्ट्राला याची पुन्हा आठवण झाली.

आपल्या काळातली नावे घ्यायची तर अण्णाभाऊ साठे वाटेगावाहून बापासोबत पायी मुंबईला आले आणि १९६१ साली रशियाला गेले. 'माझा रशियाचा प्रवास' हे त्यांचे पुस्तक वाचनालयातून आणून जरूर वाचावे. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. नामदेव ढसाळांना २००१ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय साहित्य महोत्सवाने बोलावले. आमच्या शेजारच्या नांदेडचे सूरज एंगडे बर्मिंगहॅम, जोहान्सबर्ग करीत अमेरिकेत हार्वर्डपर्यंत गेले आणि २०१९ साली त्यांनी जातीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पुण्यात जन्मलेल्या राज्यश्री गुडी या चित्र-शिल्पकार अॅमस्टरडॅमच्या नामवंत कलासंस्थेत राहून आल्या. दलित आत्मचरित्रांत खाण्याचे जे उल्लेख येतात, त्यांच्या त्यांनी पाककृतींच्या पुस्तिका केल्या. उपाशी माणसाच्या ताटाचे कधी चित्रप्रदर्शन होईल, असे आमच्या पिढीला स्वप्नातही वाटले नव्हते.

आता थोडे कामाचे बोलू. हा लेख वाचून एखाद्या घरात चर्चा सुरू झाली, तर तिथल्या पोराला कागदांची माहिती हवी. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. वर्षाला १२५ जागा, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, आणि एकूण जागांपैकी तीस टक्के मुलींसाठी. वय ३५ च्या आत, गुण किमान ६० टक्के, घरचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत. तिच्या विषयांच्या यादीत ललित कलाही आहे, हे आपल्यात पुष्कळांना माहीत नाही. महाराष्ट्र सरकारचीही राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिच्या ७५ जागा आहेत. तिच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात समाजकल्याण कार्यालयातून मिळवून वाचावी.

पण एक खोच आहे, ती लक्षात ठेवावी. केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठ जगाच्या क्रमवारीत पहिल्या पाचशेत लागते. आता गंमत अशी, की लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ आर्ट कलेच्या विषयात वर्षानुवर्षे जगात पहिले गणले जाते. पण तिथे फक्त कला आणि डिझाइनच शिकवतात, म्हणून विद्यापीठांच्या सर्वसाधारण यादीत त्याचे नावच नसते! म्हणजे चित्रकलेच्या मुलाने निव्वळ कलेची शाळा न शोधता मोठ्या विद्यापीठातला कला विभाग शोधला पाहिजे. आमच्या मुलीचे एक वर्ष हे उमजण्यातच गेले. आणखी एक. २०२२ साली केंद्राने नियम बदलून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाजाविषयीचे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. ज्या विषयावर बाबासाहेबांनी कोलंबियात निबंध वाचला, नेमका तोच विषय आज त्यांच्या लेकरांना या पैशावर परदेशात शिकता येत नाही. २०२५ साली १०६ जणांची निवड झाली आणि सुरुवातीला चाळीस जणांनाच पत्रे मिळाली, बाकीच्यांना निधीची वाट पाहायला सांगितले. यावर समाजाने आवाज उठवला पाहिजे. पत्र मिळालेल्यानेही आणि न मिळालेल्यानेही.

कागद जमवायला आम्हाला आठ महिने लागले. जातीचा दाखला, जात पडताळणी, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, क्षयरोग नसल्याचे प्रमाणपत्र. एका कार्यालयात साहेबांनी अर्ज वाचून विचारले, "चित्रकलेला लंडन कशाला? जे. जे. आहे की मुंबईत." त्यांच्या टेबलावरून तो कागद हलायला पाच आठवडे लागले. अंगणवाडीतून अर्धी रजा टाकून दर सोमवारी तिथे जाऊन उभे राहिलो. शेवटी हलला. एवढ्यावर तो विषय आम्ही संपवला.

ती गेली ती परभणीहून रेल्वेने मुंबईला आणि तिथून विमानाने. एका पेटीत कपडे, दुसऱ्या पिशवीत बापाचे जुने ब्रश. तिकडे चांगले ब्रश मिळतात हे तिला ठाऊक होते, तरी तिने ते नेले.

लंडनची हकीकत आम्हाला फोनवर कळते. शिष्यवृत्तीतून फी विद्यापीठाला परस्पर जाते आणि राहण्या-खाण्यासाठी वर्षाला ९,९०० पौंड मिळतात. एक पौंड म्हणजे शंभरावर रुपये, तेव्हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण तिच्या खोलीचे भाडेच महिन्याला आठशे पौंड आहे. त्या देशाचे सरकार स्वतःच व्हिसासाठी हिशोब धरते तो लंडनमधल्या विद्यार्थ्याला महिना सुमारे दीड हजार पौंड लागतात असा. मधली खिंड कशी भरायची? विद्यार्थ्याला सत्राच्या काळात आठवड्याला वीस तासच काम करता येते. आमची मुलगी शनिवार-रविवार एका हॉटेलात कपबशा धुते. हे ऐकून आजीच्या डोळ्यांत पाणी आले. मुलगी म्हणाली, "आजी, इथं माझ्याबरोबर मालकाचा पुतण्यापण कपबशा धुतो. कामाला इथं जात नाही." परदेशाचे एवढे एक वाक्य आम्हाला बस झाले.

पण परदेशात जात अजिबात नाही, असे मात्र समजू नये. माणसे गेली की त्यांच्या पेटीत बसून तीही जाते. एका भारतीय घरी खोली बघायला गेली असता तिला आडनाव विचारले, मग गाव विचारले, मग "खोली दुसऱ्याला दिली" असा निरोप आला. ब्रिटनच्या संसदेने २०१३ साली समता कायद्यात जातीचा समावेश करायचे ठरवले होते. २०१८ साली तिथल्या सरकारने वेगळी तरतूद न करता न्यायालयांच्या निकालांवर विसंबायचे ठरवले. अमेरिकेत सिएटल शहराने मात्र २०२३ साली जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते तिथले पहिले शहर. लढाई तिकडेही चालूच आहे आणि लढणारे आपलेच लोक आहेत. पंजाबातून गेलेल्या आंबेडकरी मंडळींनी वुल्वरहॅम्प्टनला बुद्धविहार उभारले आहे. बुद्धपौर्णिमेला मुलगी तिथे गेली होती. पंजाबी बायांनी तिला पोटभर जेवू घातले आणि "जयभीम बेटी" म्हणून निरोप दिला. भाषा वेगळी, पण "जयभीम" तोच!

लंडनला पोहोचल्यावर पहिल्याच रविवारी ती दहा, किंग हेन्री रोड या घरी गेली. १९२१-२२ च्या सुमारास बाबासाहेब जिथे राहिले, ते हे घर. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते विकत घेऊन स्मारक केले. काही शेजाऱ्यांनी गर्दी होते म्हणून तक्रार केली, तिथल्या नगरपालिकेने २०१८ साली संग्रहालयाला परवानगी नाकारली, आणि अपील होऊन २०२० साली परवानगी मिळाली. तिथे तिने काय केले? फोटो काढला नाही. समोरच्या पदपथावर बसून तिने त्या घराच्या दाराचे चित्र काढले. नुसते दार. आम्हाला पाठवून तिने लिहिले, "इथून ते रोज बाहेर पडायचे."

आता ज्या चित्रावरून आमच्या घरात आणि वस्तीत वाद झाला, ते सांगतो. वर्षाच्या शेवटी तिच्या वर्गाचे प्रदर्शन होते. तिने आजीचे चित्र काढले. आजी सात-आठ वर्षांची, डोक्यावर टोपले, गावात दारोदार येसकरीच्या भाकरी गोळा करताना. अंगावरचे लुगडे फाटके, आणि दारातून भाकर टाकणारा हात वरून खाली येणारा, चेहरा नसलेला. चित्र मोठे, माणसाएवढे. तिने फोटो पाठवला आणि तो वस्तीत फिरला.

काहींना फार वाईट वाटले. "आपण कुठून कुठे आलो, आणि ही पोरगी गोऱ्यांसमोर आपली दैना मांडते," असे एका जाणत्या गृहस्थांनी विहारात बोलून दाखवले. त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले, तेव्हाही आपल्यातल्या सुशिक्षितांना असेच वाटले होते. जे गाडून टाकले ते उकरता कशाला, मुलांच्या ऑफिसात कळले तर काय, असे कित्येकांनी विचारले होते. आमच्यातही दोन मते पडली. पेंटरचे म्हणणे असे, की आयुष्यभर मी बाबासाहेबांना सुटाबुटात, हातात संविधान घेतलेले रंगवले. लोकांनी मान वर करून बघावे म्हणून रंगवले. पोरीनेही तसेच काही काढले असते तर बरे झाले असते. अंगणवाडीतलीचे म्हणणे असे, की मान वर केलेली चित्रे पुष्कळ झाली, पण मान खाली कोणी घालायला लावली, हे कोणी काढायचे?

हा वाद आठ दिवस चालला. शेवटी ज्यांचे चित्र, त्यांनाच विचारावे असे ठरले. आजींना मोबाईलवर चित्र मोठे करून दाखवले. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले. टोपल्याचा विणीचा पट्टा बरोबर आहे, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "भाकरी म्या आणल्या, म्या खाल्ल्या. लाज वाटायची तं टाकणाऱ्याला वाटू दे. मला कशाची?" आणि थोड्या वेळाने, "पर तिला सांगा, धर्मांतर झालं तवा तुझ्या आज्यानं येसकरीची काठी चावडीवर नेऊन टाकली. त्येबी काढ म्हणावं."

आजींच्या या दोन वाक्यांत आम्हाला उत्तर मिळाले. नुसती दैना दाखवली तर ती भीक होते, नुसता सूट दाखवला तर ती जाहिरात होते. भाकर आणि टाकून दिलेली काठी ही दोन्ही चित्रे शेजारी लागली, तर तो इतिहास होतो. मुलीने दुसरे चित्र हाती घेतले आहे. फोनवर ती आजीला विचारते, काठी केवढी होती, घुंगरू होते का, चावडीवर त्या वेळी कोण बसले होते. ज्या गोष्टी आम्ही एवढी वर्षे एका घरात राहून विचारल्या नाहीत, त्या ती लंडनमध्ये बसून विचारते आहे. आजी आता रोज संध्याकाळी फोनची वाट पाहतात आणि दिवसभर आठवून ठेवतात.

आता किंमत. आमचा धाकटा मुलगा बारावीनंतर वाळूजला एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. त्यालाही पुढे शिकायचे होते. "ताईचं होऊ द्या, मग माझं बघू," असे तो स्वतःहून म्हणाला. त्याच्या या शब्दाचे ओझे आम्ही हलके मानत नाही. मुलीलाही आम्ही ते स्पष्ट सांगितले आहे. तिचे शिक्षण संपताच पहिला हिशोब धाकट्याच्या पदविकेचा, हे घरात सगळ्यांसमोर ठरले आहे. रमाईच्या त्यागावर आपण गाणी पुष्कळ म्हटली. पण आज एखाद्या घरातून कोणी मोठ्या स्वप्नासाठी निघाले, तर मागे राहणाऱ्याचा वाटा लिहून ठेवावा, त्याने मागण्याआधी द्यावा. ज्याचे नाव होते तो आणि ज्याच्या घामावर ते नाव होते तो, या दोघांत नवी उच्चनीचता घरातच निर्माण होता कामा नये.

ती परत येईल का, हेही लोक विचारतात. आम्हाला माहीत नाही, आणि तसे वचन आम्ही तिच्याकडून घेतलेले नाही. पण एक सांगावेसे वाटते. औंढ्याजवळ दुधाळा शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी मोठी वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, सुमारे २,६०० कोटींचा खर्च, २०२३ साली केंद्राची मंजुरी. तिच्या बहिणी अमेरिकेत आहेत. उद्या जगातल्या मोठमोठ्या शहरांतले शास्त्रज्ञ आमच्या माळावर येऊन राहतील. जग औंढ्याला येते आहे, तर औंढ्याच्या लेकीने जगात जाण्यात नवल कसले? फक्त त्या वेधशाळेत आपल्या वस्तीतली पोरे कुंपणाबाहेर वॉचमन म्हणून उभी राहतात, की आत यंत्रांपाशी बसतात, हे आपण आज त्यांना काय शिकू देतो त्यावर ठरेल. विज्ञान असो की चित्रकला, प्रश्न एकच आहे.

म्हणून समाजबांधवांना आणि विशेषतः माताभगिनींना आमची विनंती आहे. घरातले लेकरू भिंतीवर रेघोट्या ओढत असेल तर त्याला रागावू नका, त्याला कागद द्या. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या फॉर्मची तारीख चुकवू नका. दाखले आणि पासपोर्ट वेळ असतानाच काढून ठेवा. नोकरीचा आग्रह जरूर धरा, पोट सगळ्यांना आहे. पण "आणि पुढे?" हा प्रश्न विचारून थांबू नका, त्याचे उत्तर शोधायला लेकराबरोबर बसा.

येत्या चौदा एप्रिलला आमच्या वस्तीने एक ठरवले आहे. फ्लेक्स एकच लावायचा. विहाराच्या कुंपणाची सबंध भिंत चुना मारून मोकळी ठेवायची आणि ती वस्तीतल्या पोरांनी रंगवायची. रंग वर्गणीतून. ब्रश कसा धरायचा, हे दाखवायला पेंटर आहेच. काय काढायचे, ते मात्र पोरांनी ठरवायचे.

जयभीम!